तुशिनसाठी मागे वळताना: 'वॉर अँड पीस'च्या एका वाचनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका वाचिकेने लिओ टॉलस्टॉय यांची 'वॉर अँड पीस' ही कादंबरी चौदा महिन्यांत वाचून पूर्ण केली, त्या वाचनाची ही हकिगत आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख केवळ 'वाचिका' असा केला आहे. त्यांचे वाचन नियमित होते, पण ते बहुतेक दोन-तीनशे पानांच्या कादंबऱ्यांचे आणि चरित्रांचे. हे पुस्तक त्यांनी आधी दोनदा हाती घेतले होते आणि दोन्ही वेळा शंभर पानांच्या आत मिटून ठेवले होते. तिसऱ्या खेपेस त्यांनी मला सोबत मागितली, कारण माझे ते एकदा वाचून झालेले होते. ठरले ते असे, की वाचताना मनात जे येईल ते त्यांनी वहीत लिहावे, आठवड्यातून एकदा मला वाचून दाखवावे, आणि मी विचारले जाईल तेवढेच बोलावे. पुढील सर्व मजकूर त्या वहीवर आधारलेला असून तो त्यांच्या संमतीने लिहिला आहे.

पुस्तकाचा पसारा आधी लक्षात घ्यायला हवा. चार खंड, त्यांचे मिळून पंधरा भाग, शेवटी दोन भागांचा उपसंहार आणि सगळी मिळून ३६१ प्रकरणे. कथा १८०५च्या जुलैमध्ये पीटर्सबर्गच्या एका दिवाणखान्यात सुरू होते, नेपोलियनविरुद्धच्या ऑस्टरलिट्झ आणि बोरोदिनोच्या लढायांतून जाते आणि उपसंहारात १८२०पर्यंत पोहोचते. पात्रे पाचशेहून अधिक आहेत. १८६८ साली लिहिलेल्या एका लेखात टॉलस्टॉय यांनीच स्पष्ट केले होते, की ही कादंबरी नव्हे, महाकाव्य नव्हे आणि इतिहासाची बखर तर मुळीच नव्हे. वाचिकेला सुरुवातीला हे वाक्य ठाऊक नव्हते. मी ते आधीच सांगितले असते, तर त्यांच्या काही अपेक्षा वेळीच सैल झाल्या असत्या असे मला आज वाटते.

अडचण: पानांचा हिशोब

वाचिकेजवळची प्रत सुमारे तेराशे पानांची होती. रोज वीस पाने वाचली तर पासष्ट दिवसांत पुस्तक संपेल, असा त्यांनी हिशोब केला आणि पहिले दोन आठवडे तो काटेकोरपणे पाळला. मात्र वहीतल्या नोंदी दिवसेंदिवस आखूड होत गेल्या. पहिल्या आठवड्यात मुख्य पात्रांपैकी एक असलेला पिएर आणि त्याचे मित्र पोलीस अधिकाऱ्याला अस्वलाच्या पाठीला बांधून नदीत सोडतात त्या प्रसंगावर त्यांनी पानभर लिहिले होते. पंधराव्या दिवसाची नोंद एवढीच आहे: "आजची वीस पाने झाली. काय वाचले ते सांगता येणार नाही."

याला दोन कारणे होती. पहिले कारण नावांचे. बोल्कोन्स्की, बेझुखोव, बोरिस, बर्ग, बिलिबिन, बाग्रातियोन, ही सगळी 'ब'ची नावे पहिल्या खंडातच समोर येतात. त्यात एकच मुलगी कधी नताशा, कधी नताली आणि कधी नताल्या इलिनिच्ना होते. एकाच व्यक्तीला घरचे एका नावाने, परके दुसऱ्या नावाने आणि नोकर तिसऱ्या नावाने हाक मारतात, ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला खरे तर अनोळखी नाही. पण वीस पानांच्या घाईत ती प्रत्येक हाक म्हणजे नवा माणूस वाटू लागली.

दुसरे कारण युद्धाचे. पहिल्या खंडाचा दुसरा भाग सैन्याबरोबर ऑस्ट्रियात जातो. घराघरांतून नुकत्याच ओळखीच्या झालेल्या माणसांना सोडून एकाएकी पलटणी, पूल आणि तोफखाने यांच्यामध्ये जाणे वाचिकेला रुचले नाही. त्यांनी शोंग्राबर्नच्या लढाईची प्रकरणे भराभर उलटली आणि त्या दिवशी वीसऐवजी पन्नास पाने झाल्याचे समाधान वहीत नोंदवले. त्या समाधानाची किंमत पुढे तीन आठवड्यांनी कळली.

पहिला निर्णय: पुढे जावे की मागे वळावे

दुसऱ्या खंडात नताशाचा भाऊ निकोलाय रोस्तोव आपल्या मित्राला, देनिसोवला भेटायला लष्करी रुग्णालयात जातो. अधिकाऱ्यांच्या दालनात त्याला पहिल्यांदा दिसतो तो एक लहानखुरा, वाळलेला माणूस. त्याच्या डोक्यावर रात्रीची टोपी आहे, अंगात रुग्णालयाचा झगा आहे, दातांत चिलीम आहे आणि त्याला एक हात नाही. याला आपण कुठे पाहिले आहे, हे निकोलायला आठवेना. तेव्हा तो माणूस स्वतःच सांगतो, की मी तुशिन, शोंग्राबर्नला तुम्हाला बसवून नेले होते. आणि मग हसून आपली रिकामी बाही दाखवतो.

वाचिकेची त्या संध्याकाळची नोंद अशी: "हा कोण? निकोलायला शेवटी आठवले. मला आठवण्यासारखे काही नाहीच."

या नोंदीवर आम्ही बराच वेळ बोललो. तीन पर्याय होते. पहिला, मी तुशिनची गोष्ट दोन मिनिटांत सांगायची आणि वाचन पुढे चालू ठेवायचे. दुसरा, पुस्तकाच्या सारांशातून तेवढा भाग पाहून घ्यायचा. तिसरा, दीडशे-दोनशे पाने मागे जाऊन उलटलेली प्रकरणे वाचायची. पासष्ट दिवसांचा हिशोब त्यामुळे कोलमडणार होता. पहिला पर्याय मला मोह घालणारा होता, कारण सांगणाऱ्यालाही सांगण्यात आनंद असतो. पण निकोलाय स्वतःही विसरलेला आहे आणि त्याला आठवते ते त्याने ती रात्र अनुभवली म्हणून, हे वाचिकेच्याच लक्षात आले. सांगितलेली आठवण ही आठवण ठरणार नाही, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिसरा पर्याय निवडला.

मागे जाऊन त्यांनी जे वाचले ते त्यांच्या वहीतल्या सर्वांत भरगच्च पानांवर आहे. तुशिन पहिल्यांदा भेटतो तो पायांत बूट नसलेला, वरिष्ठांसमोर ओशाळलेला. लढाईत मात्र त्याच माणसाला वेगळेच जग दिसू लागते. शत्रूच्या तोफा त्याच्या नजरेला चिलमी होतात आणि कुणी अदृश्य माणूस त्यांतून धुराचे झुरके सोडत आहे असे त्याला वाटते. त्याच्या तोफखान्याला कुणाचे संरक्षण नाही, याची वरच्यांना कल्पनाही नाही. रात्री सेनापती बाग्रातियोन त्याला दोन तोफा मागे का सोडल्या असे खडसावतो. दुसऱ्या कुणा अधिकाऱ्यावर ठपका येईल या भीतीने तुशिन खरे कारण सांगत नाही. डोळ्यांत पाणी आणून उभा राहतो. अखेर कथेतले दुसरे मुख्य पात्र, सैन्यातला अधिकारी प्रिन्स आंद्रे बोलतो, की आजच्या दिवसाचे यश या तोफखान्याचे आहे. याच प्रकरणांत निकोलाय पहिल्यांदा शत्रूसमोर येतो. सगळ्यांचा लाडका असलेल्या मला हे लोक मारायला धावत आहेत की काय, असा प्रश्न त्याला पडतो, आणि हातातले पिस्तूल न झाडता ते फेकून मारून तो पळत सुटतो.

"मला युद्धाचा कंटाळा आला नव्हता," असे वाचिकेने इथे लिहिले. "कुणाकडे पाहायचे ते मला ठाऊक नव्हते." संपूर्ण वहीतले हे मला सर्वांत मोलाचे वाक्य वाटते. आपल्या कंटाळ्याचे कारण त्यांनी पुस्तकावरही ढकलले नाही आणि आपल्या आळसावरही नाही. तो नेमका कुठून आला ते शोधून काढले.

या अनुभवानंतर दोन गोष्टी बदलल्या. पानांचा हिशोब बंद झाला. एका वर्षात पुस्तक संपवण्यासाठी रोज एक प्रकरण वाचण्याची पद्धत काही वाचक वापरतात आणि ३६१ प्रकरणांना ती चांगली लागूही पडते. आम्ही तिचा विचार केला, पण प्रसंग अनेकदा चार-पाच प्रकरणांवर पसरलेला असतो आणि तो मध्येच तोडणे वाचिकेला मान्य नव्हते. म्हणून एका बैठकीत एक प्रसंग, मग तो आठ पानांचा असो वा चाळीस, असे ठरले. दुसरा बदल वहीचा होता. यापुढे उजव्या पानावरच लिहायचे आणि समोरचे डावे पान कोरे ठेवायचे. पुढे कधी मत बदलले तर ते तारखेसह डाव्या पानावर नोंदवायचे, उजवीकडचे खोडायचे नाही.

दुसरा निर्णय: सात आठवड्यांचा खंड

दुसऱ्या खंडाच्या पाचव्या भागात वाचन थांबले. नताशाचा प्रिन्स आंद्रेशी विवाह ठरलेला आहे. त्याच्या वडिलांनी वर्षभर थांबण्याची अट घातली आहे. आंद्रे दूर आहे. आनातोल कुरागिन हा आधीच गुपचूप लग्न केलेला देखणा माणूस तिला पळवून नेण्याचा बेत आखतो आणि ती तयार होते. बेत फसतो, पण त्याआधीच तिने लग्न मोडल्याचे पत्र पाठवलेले असते.

वाचिकेची नोंद दोनच ओळींची आहे: "एक वर्ष थांबता आले नाही? आणि आनातोलला काही झाले नाही तर हे पुस्तक मी पुढे वाचणार नाही." त्यानंतर सात आठवडे वहीत एकही अक्षर नाही.

हा राग मी गंभीरपणे घेतला आणि तो तसाच घ्यायला हवा होता असे मला अजूनही वाटते. ज्या पात्रावर आपण पाचशेहून अधिक पाने माया केली त्याने आपला विश्वास मोडला, तर वाचकाला पाठ फिरवावीशी वाटणे यात बालिश असे काही नाही. पहिल्या वाचकांनाही हा ग्रंथ सलग मिळालेला नव्हता. सुरुवातीचे भाग १८६५पासून 'रशियन मेसेंजर' या मासिकात '१८०५' या नावाने आले आणि संपूर्ण पुस्तक हाती यायला १८६९ उजाडले. खंड पडणे म्हणजे वाचन फसणे नव्हे, हे मला माहीत होते. तरीही चौथ्या आठवड्यात माझा धीर सुटला. मी वाचिकेला फोन करून पुढे वाचण्याचा आग्रह केला आणि बोलता बोलता माझ्या तोंडून गेले, "निदान आंद्रे जाईपर्यंत तरी वाचा."

फोनवर काही वेळ शांतता होती. मग त्या एवढेच म्हणाल्या, "हे सांगायला नको होते."

त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. या कादंबरीत प्रिन्स आंद्रेचा मृत्यू वाचकाला एकदा खरा वाटून मागे फिरतो. पहिल्या खंडाच्या शेवटी तो ऑस्टरलिट्झच्या रणांगणावर पडतो, वरच्या अथांग आकाशात शांतपणे सरकणारे करडे ढग पाहतो आणि जगण्याची आशा नसलेल्या जखमींत त्याची गणना होते. घरी तो मेला असेच धरून चालतात. आणि पत्नीच्या बाळंतपणाच्या रात्री तो दारात उभा राहतो. म्हणून बोरोदिनोनंतरही वाचक आशा सोडत नाही. ती आशा मी वाचिकेकडून काढून घेतली. पुढे बोरोदिनोची प्रकरणे त्यांनी धास्तीने वाचली. ती धास्ती पुस्तकाने नव्हे, मी निर्माण केलेली होती.

सातव्या आठवड्यात त्यांनी आपणहून पुस्तक उघडले. पुढे जाण्याआधी त्यांनी मागची एक जागा काढली. चौथ्या भागात नाताळच्या दिवसांत घरभर अस्वस्थ फिरणारी नताशा आईला म्हणते, की मला तो हवा आहे, आत्ता, या क्षणी हवा आहे. या ओळीसमोर उजव्या पानावर पूर्वी एकच शब्द लिहिलेला होता: "लाडावलेली." आता डाव्या पानावर त्यांनी लिहिले: "तिने सांगितले होते. मी ऐकले नाही, तिच्या आईनेही ऐकले नाही." त्याच बैठकीत त्यांनी खंडाचा शेवट वाचला. पिएर रडणाऱ्या नताशाशी बोलून बाहेर येतो आणि मॉस्कोच्या गोठलेल्या आकाशात १८१२चा धूमकेतू पाहतो. तिथे नोंद नाही. फक्त तारीख आहे.

तिसरा निर्णय: निबंधांचे काय करायचे

तिसऱ्या खंडापासून कथेत निबंध शिरतात. १८१२चे युद्ध कशामुळे झाले, लाखो माणसे एका माणसाच्या हुकुमावरून चालतात का, इतिहास घडवतो कोण, अशा प्रश्नांवर लेखक स्वतः बोलू लागतो. तिसऱ्या भागाच्या आरंभी तर अकिलीस आणि कासवाचे कोडे येते आणि इतिहासाचे सूक्ष्मतम अंश जोडण्याची गणिती कल्पना मांडली जाते. वाचिकेला हे जड गेले.

हे भाग वगळावेत का, हा प्रश्न रास्त होता, आणि त्याला खुद्द लेखकाचा आधारही होता. १८७३च्या आवृत्तीत टॉलस्टॉय यांनी फ्रेंच संवादांचे रशियन केले आणि चिंतनाचा बराच भाग मुख्य कथेतून काढून शेवटी जोडला. पुढच्या आवृत्त्यांत तो पुन्हा मूळ जागी आला. मी ही माहिती दिली आणि निर्णय वाचिकेवर सोडला. त्यांनी निबंध वगळले नाहीत, पण ते कथेच्या बैठकीत न वाचता वेगळ्या वेळी, सकाळी, एकेक करून वाचायचे ठरवले.

हा तोडगा अपेक्षेपेक्षा चांगला ठरला. वेगळे वाचल्यामुळे निबंध कथेतला अडथळा न राहता कथेबद्दलचे बोलणे झाले. ऑस्टरलिट्झच्या आदल्या रात्री युद्धमंडळात व्यूहरचनेचे लांबलचक टिपण वाचले जात असताना रशियन सरसेनापती कुतुझोव झोपतो, ते वाचिकेने पहिल्या खंडात म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून नोंदवले होते. बोरोदिनोत नेपोलियनने दिलेल्या आज्ञांपैकी एकही जशीच्या तशी अमलात आली नाही, हे लेखकाचे प्रतिपादन वाचल्यावर त्या नोंदीसमोरचे डावे पान भरले: "तो झोपला कारण त्याला ठाऊक होते." या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. इतिहासातल्या कुतुझोवला टॉलस्टॉय यांनी आपल्या सिद्धांताच्या मापाने शिवले आहे असे मला वाटते. पण कादंबरीतल्या कुतुझोवपुरते वाचिकेचे वाचन नेमके आहे.

निष्पत्ती

आनातोलचा हिशोब तिसऱ्या खंडात लागला, पण वाचिकेने मागितला होता तसा नाही. बोरोदिनोत जखमी झालेल्या आंद्रेला शस्त्रक्रियेच्या तंबूत आणतात. शेजारच्या मेजावर एका माणसाचा पाय कापला जात आहे. कापलेला पाय त्याला दाखवतात, अजून बूट चढवलेला, रक्त साकळलेला, आणि तो माणूस बाईसारखा हुंदके देऊ लागतो. तो आनातोल आहे हे आंद्रे ओळखतो. ज्याला शोधत तो फिरत होता, त्याच्याबद्दल त्याच्या मनात दया आणि प्रेम भरून येते आणि तो रडतो.

वाचिकेने ही जागा एका आठवड्यात तीनदा वाचली. नोंद अशी: "मला हेच हवे होते. मिळाले तेव्हा त्या बुटाकडे पाहवेना." मग त्यांनी सात आठवड्यांच्या खंडापूर्वीचे पान काढले आणि त्या दोन ओळींसमोर डावीकडे फक्त या प्रकरणाचा क्रमांक लिहिला.

उपसंहाराचा पहिला भाग त्यांना अस्वस्थ करून गेला. गाणे सोडलेली, अंगाने भरलेली नताशा बाळाच्या लंगोटावर हिरव्याऐवजी पिवळा डाग आहे म्हणून आनंदाने खोलीबाहेर येते, हे चित्र त्यांना लेखकाने नताशावर केलेला अन्याय वाटले आणि आजही वाटते. आमचे या मुद्द्यावर एकमत झालेले नाही. आजारी असलेल्या बाळाचे दुखणे उतरल्याची ती खूण आहे आणि त्या आनंदात कमीपणा नाही, असे माझे मत. त्या आनंदापायी तिचा आवाज का जावा, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न माझ्या मतापेक्षा बळकट आहे, हे मान्य करायला हवे.

उपसंहाराचा दुसरा भाग बारा प्रकरणांचा, सबंध चिंतनाचा आहे. त्यातली चार प्रकरणे वाचून वाचिका थांबल्या. पुस्तक वाचून झाले असे त्यांनी जाहीर केले आणि मी हरकत घेतली नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, माझा फोन. खंड पडलेला असताना आग्रह करण्याऐवजी मी त्यांना तो राग लिहून काढायला सांगायला हवे होते. त्या सात आठवड्यांबद्दल वाचिका आज जे सांगतात ते निवळलेले, समजूतदार आहे. त्या दिवसांतला चटका फक्त दोन ओळींत उरला आहे.

पात्रांची यादी करण्याबाबतही माझे मत बदलले. सुरुवातीला मी यादी नको म्हटले होते, कारण तयार यादीत कोण कुणाशी लग्न करते तेही दिलेले असते. पण वाचिकेने आपल्या हाताने, पात्र भेटेल तसे, एकेका हाकेसह लिहिलेली यादी पहिल्या दिवसापासून ठेवली असती तर 'ब'च्या नावांचा गोंधळ लवकर सुटला असता आणि तुशिन कदाचित निसटला नसता. अर्थात, तो निसटला नसता तर मागे वळण्याची वेळ आली नसती, आणि त्या वळण्यातून डावे पान कोरे ठेवण्याची कल्पना निघाली ती निघाली नसती. त्यामुळे या एका चुकीबद्दल मला ठाम बोलता येत नाही.

फ्रेंच कैदेत पिएरला भेटणारा शेतकरी सैनिक प्लातोन काराताएव वाचिकेला शेवटपर्यंत पटला नाही. म्हणींत बोलणारा, सगळ्यांवर सारखीच माया करणारा हा माणूस पिएरचे जगणे बदलतो. त्याच्याविषयी उजव्या पानावर लिहिले आहे: "हा मला माणूस वाटत नाही, उत्तर वाटतो." मला तो फार जवळचा आहे आणि त्याच्या बाजूने बोलण्याची इच्छा मला अनेकदा झाली. यावेळी मी काही बोललेलो नाही. वहीतले त्याच्यासमोरचे डावे पान अजून कोरे आहे.